कुठली साईड घेतली?

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. साईट उघडायला दीड वाजतो. आणि हे गृहस्थ एक वाजून पाच मिनिटांनी तुमच्या सोप्यात येऊन बसलेले असतात. तुमच्याही गावात ते आहेतच, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. मोबाईलवर चक्र फिरत असतं, पोराची आई देवापुढं उभी असते, पोरगं पांढरं पडलेलं असतं, आणि यांचा प्रश्न येतो, "मग? कुठली साईड घेणार?"

"बापू, अजून निकाल यायचाय."

"त्यो लागंलच. निकालाचं काय एवढं? साईड ठरली का?"

कवठे महांकाळात हे खातं बापूंकडे आहे. सायन्स साईड, कॉमर्स साईड, आर्ट साईड, आयटीआय साईड, भरती साईड असं त्यांनी जगातलं सगळं ज्ञान वाटून टाकलंय. माणसाच्या आयुष्यात जे काही वाईट घडतं ते साईड चुकल्यानं घडतं, हा त्यांचा सिद्धांत. गल्लीतली एक सून माहेरी जाऊन बसली, तर साईड चुकली. ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि घड गळाले, तर पावसाचा काही दोष नाही; "ओळी दक्षिण-उत्तर घ्यायच्या सोडून पूर्व-पश्चिम घेतल्या त्यानं. साईड चुकली." एका पाहुण्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठला डोळा? पाहुण्यानं तोंड उघडायच्या आत बापू म्हणाले, "डावी साईड." डोळा उजवा होता. नशीब की डॉक्टर सायन्स साईडचे होते आणि त्यांनी तपासून बघितलं.

फक्त निवडणुकीत बापूंनी आजवर कुठलीच साईड घेतलेली नाही. दोन्हीकडचं मटण खाल्लं, दोन्हीकडं रस्सा पातळ झाल्याची तक्रार केली आणि मत कुणाला दिलं ते अजून घरात काकूंनासुद्धा सांगितलेलं नाही.

एवढा अधिकार आला कुठून? तर बापू एसटीत कंडक्टर होते. नोकरीचा बराचसा काळ कवठे-मिरज-सांगली याच रस्त्यावर गेला. यंत्रं यायच्या आधीचा तो काळ. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि पंच. तो पंच नुसताच टकटक वाजवत ते गर्दीतून पुढं सरकायचे, आणि कुणी कुठं बसायचं तेही तेच ठरवायचे. "मिरजेला जाताना उजव्या साईडला बस, ऊन लागत न्हाई." बरं, संध्याकाळी परत येताना? "तवा बी उजव्याच." आम्ही पोरं हसायचो. जाताना उजवी तर येताना डावी असणार, एवढं गणित आर्ट साईडच्या माणसालाही येतं. पण रस्ता नैऋत्येला उतरतो; सकाळचं ऊन मागून, डावीकडून येतं, आणि संध्याकाळी तोंड ईशान्येला झालं की मावळतीचं ऊनही डाव्याच बाजूला पडतं. बापूंचं बरोबर होतं. हे एकदा बरोबर आलं आणि घात झाला. उन्हातली साईड कळते म्हणजे आयुष्यातलीही कळते, असं बापूंनी धरलं.

त्यांचं करिअर मार्गदर्शन सगळं स्टॉपवर उभं आहे. कोण कुठं उतरायचं ते त्यांनी पाहिलेलं. मिरजेत पंढरपूर रोडवर १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथं पुस्तकांची पिशवी घेऊन उतरणारा म्हणजे डॉक्टर साईड. विश्रामबागला उतरणाऱ्यांत दोन जाती. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज आणि १९४७ चं वालचंद इंजिनिअरिंग, दोन्ही तिथंच. "वालचंदचं पोरगं उतरताना घड्याळ बघतंय, विलिंग्डनचं पोरगं उतरताना मागं वळून बघतंय," हे बापूंचं निरीक्षण. मागं का वळून बघायचं, हे लेडीज सीटवर कोण बसलंय त्यावर अवलंबून असे. सांगली स्टँडपर्यंत बसून राहणारा म्हणजे कोर्टाचं काम किंवा सिनेमा. आणि ज्याचं तिकीट मिरजेचं पण सोबत ट्रंक, तो पुढं रेल्वेनं जाणार. त्याच्याकडं बापू जरा जास्त वेळ बघायचे.

इथपर्यंत ठीक होतं. पण निवृत्तीच्या सुमारास बापूंनी हाच अनुभव गल्लीत वापरायला काढला. आणि त्यांच्या सल्ल्याचं एक वैशिष्ट्य लवकरच ध्यानात आलं. गाडी स्टँडमधून सुटून कोपऱ्यावर वळली, की मग बापू तिच्यात बसायला सांगतात.

डीएडचंच घ्या. बारावीनंतर दोन वर्षं की झेडपीचा मास्तर, अशी एक सोन्याची वेळ होती. लग्नाच्या बाजारात डीएड झालेल्या मुलीला दोन एकर बागायतीचा भाव होता. तेव्हा बापू म्हणत, "मास्तरकीत काय हाय?" मग कॉलेजं गल्लोगल्ली निघाली, डोनेशनचे आकडे वर गेले, आणि २०१० च्या सुमारास भरतीला खीळ बसायला लागली, नेमक्या त्या वर्षी बापूंना साक्षात्कार झाला. "डीएड साईड घ्या." अर्ध्या गल्लीनं घेतली. पुढं २०१३ ला टीईटी आली, २०१७ ला अभियोग्यता चाचणी आली, मग पवित्र पोर्टल आलं. पोर्टल पवित्र होतं, जागा मात्र दर्शन देईनात. त्या बॅचमधला एकजण आज मोबाईलची काच बदलतो, एकजण नागजच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर हिशेब लिहितो, आणि एकजण कीर्तन करतो. कीर्तन करणाऱ्याचं बरं चाललंय. "बघ, शिकवायचंच काम हाय न्हवं?" असं बापू म्हणतात. डीएड वाया गेलं नाही, हे त्यांनी असं सिद्ध केलं.

मग इंजिनिअरिंग साईड. कॉलेजांतल्या जागा रिकाम्या राहायला लागल्या आणि बापूंनी नेमकं तेव्हाच "आता सीट सहज मिळतीया" म्हणून पोरं पाठवली. रिकामी गाडी दिसली की बसावं, ही कंडक्टरी शिकवण. गाडी रिकामी का आहे, हे विचारायचं काम त्यांच्या नोकरीत कधी आलंच नव्हतं. २०२२ ला अग्निवीर आलं. चार वर्षांची सेवा आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम. बापूंनी जाहिरात दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही भरती न्हवं. रिटर्न तिकीट हाय." हे इतकं अचूक होतं की आम्ही सगळे गप्प झालो. आणि दुसऱ्या दिवशी तेच बापू शेजारच्या पोराला अग्निवीर साईड घ्यायला सांगताना दिसले. सध्या एआय साईड चालू आहे. एआय म्हणजे काय, असं माझ्या पुतण्यानं विचारल्यावर ते म्हणाले, "ते तुला शिकल्यावर कळंल. मी कशाला शिकू?"

त्यांचा एक सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर निघाला. रत्नागिरी-नागपूर हमरस्ता आमच्या अंगावरून जातो. पोलीस भरतीची पोरं पहाटे त्याच्या कडेनं पळतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. मग १०० गुणांची लेखी. हे सगळं बापूंना पाठ. पहाटे पाचला कानटोपी घालून ते रस्त्यावर उभे, हातात घड्याळ आणि तोंडात कंडक्टरची जुनी शिट्टी. त्यांनी एक शिट्टी मारली की पोरं थांबायची आणि दोन मारल्या की सुटायची. आणि सारखं ओरडणं, "उजव्या साईडनं पळा रं, उजव्या!" पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला उन्हाची सवय, पहाटे कुठलं ऊन? पण डाव्या बाजूनं पळालं की ट्रक पाठीमागून येतो, उजव्या बाजूनं पळालं की समोरून येताना दिसतो. कितीजण बापूंमुळं पोलीस झाले ते सांगता येणार नाही. पण त्या पहाटेच्या रस्त्यावरून सगळी पोरं धडधाकट घरी आली.

आणि चुकलं तरी बापूंचं चुकत नाही. आमच्या वर्गातला एकजण दहावीला दोनदा आपटला. बापूंनी भर स्टँडवर जाहीर केलं, "ह्याची साईड चुकली." पोरानं शाळा सोडली आणि मामाच्या मागं केरळात गलाईला गेला. आमच्या सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, खानापूर-आटपाडीत तर घरटी, ही वाट जुनी आहे. पाणी नाही म्हणून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफकट्ट्यांवर भट्टी मांडून सोनं-चांदी गाळायला बसली. या धंद्याला ना सीईटी ना पोर्टल. नात्यातला माणूस आणि भाजून घेतलेले हात, एवढ्या भांडवलावर तो चालतो. पाच-सात वर्षांनी तो पोरगा दिवाळीला आला तेव्हा गाडी इतकी लांबलचक की आमच्या बोळात वळेना. बापू पुढं होऊन गाडी मागं घ्यायला सांगत होते, "येऊ दे, येऊ दे, डावी साईड क्लिअर." उतरल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मी तवाच म्हणलं हुतं का न्हाई? हितं साईड चुकली म्हणून!"

याला काय बोलणार?

मी बापूंवर चिडून आहे, हे एव्हाना कळलं असेल. मला ते अजून "ह्यो आर्ट साईडचा" म्हणूनच लोकांना दाखवतात. लेख छापून आला की आधी विचारतात, "ह्याचं देत्यात का काय?" आकडा सांगितला की कीव केल्यासारखं बघतात आणि चहाचे पैसे स्वतः देतात. त्यामुळं पुढचं मी जरा नाइलाजानंच लिहितोय.

आमच्या स्टँडसमोर अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. पीएसआय, एसटीआय, तलाठी. गुलाल, जीपमधून मिरवणूक, डोळ्यांवर गॉगल घातलेले शुभेच्छुक. शिकवणाऱ्या अकॅडमीचं नाव फोटोपेक्षा मोठं. हे योग्यच आहे. कष्ट करून पोरगं लागलंय. पण २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या घरात होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. खुल्या गटाची परीक्षा फी हजार रुपये. एका फ्लेक्समागं दोनशेवर पोरं उभी असतात आणि त्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही. ती पुण्यात पेठांतल्या अभ्यासिकेत बसतात, मेसचा डबा दोघांत खातात, दोन मार्कांनी, तीन मार्कांनी हुकत राहतात. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८, त्यामुळं आशेलाही तोपर्यंत मुदत मिळते. मग एका रात्री शेवटच्या गाडीनं गावात उतरतात. रात्रीच्या गाडीनं यायचं कारण एकच. दिवसा उतरलं की स्टँडवर कुणीतरी विचारणार.

असाच आमच्या गल्लीतला एकजण परत आला. राज्यसेवेचा पॅटर्न वर्णनात्मक झाला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, घरच्यांनी हात टेकले. महिनाभर पोरगं माडीवरून खाली उतरलं नाही. गल्ली चवीनं बोलत होती. ज्या अकॅडमीत त्यानं पैसे भरले होते तिचा एक फोन आला. नव्या बॅचला डिस्काउंट आहे म्हणून.

बापू त्याच्या घरी गेले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे विचारणार. पण "साईड" हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. "लायसन हाय का रं तुझ्याकडं?" म्हणाले. होतं. "मग चल, डोळ्यानं दिसत न्हाई मला, मिरजेला सोड." पोरानं बापूंच्या खटाऱ्या स्कूटरवरून त्यांना मिरजेला नेलं. दुसऱ्या दिवशी तासगावला. तिसऱ्या दिवशी एका बेदाणा व्यापाऱ्याकडं, तिथं बापूंना काहीतरी विचारायचं होतं ते आठवेना म्हणून दोन तास बसून राहिले. तेवढ्या वेळात पोरानं कोल्ड स्टोअरेजच्या पावत्यांचा घोळ निस्तरून दिला. व्यापाऱ्यानं विचारलं, "उद्या येतोस का?" बापूंच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. ते अजून पाचशे पावलांवरून गाडीची पाटी वाचतात.

मी काकूंना विचारलं, हे आधीही करतात काय? काकूंनी कपाटातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला. जुनी, कोरी वेबिलं. कंडक्टर ज्यावर कुठल्या टप्प्याला किती तिकिटं फाडली ते लिहितो, ते वेबिल. पाठीमागं बापूंच्या आखीव अक्षरात गल्लीतल्या, पासावरच्या, रोजच्या गाडीतल्या पोरांची नावं. ज्याचं काही झालं, नोकरी, धंदा, शेती नीट लागली, त्याच्यापुढं एकच शब्द, "उतरला". गलाईवाला उतरला होता. कीर्तनकार उतरला होता. बाकीच्या नावांपुढं कोरं. मुलींची नावं वेगळ्या पानावर होती. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आता बारावीपर्यंत मिळतो. पास संपल्यावर कितीजणी पुन्हा गाडीत चढल्याच नाहीत, याची नोंद शिक्षण खात्याकडं असो-नसो, त्या पानावर होती. माझं नावही होतं. त्यापुढं "उतरला" लिहून नंतर खोडलं होतं.

बापूंना मी या यादीबद्दल छेडलं तर ते वैतागले. "उतरलेल्याची काळजी कंडक्टरनं का करायची? गाडीत हायत त्यांची करायची."

आणि काकूंनीच जाता जाता सांगितलं ते असं. बापू अकरावी मॅट्रिक फर्स्ट क्लास. विलिंग्डनला सायन्सला नाव घातलं होतं. पहिलंच वर्ष. तेवढ्यात ७२ चा दुष्काळ आला. आमच्या तालुक्यात तेव्हा म्हैसाळचं पाणी नव्हतं, द्राक्षं नव्हती, बेदाण्याची शेड नव्हती. दुष्काळी कामावरची खडी होती आणि सुकडी होती. थोरल्या मुलानं हॉस्टेलला बसून खायचं आणि धाकट्यांनी उपाशी राहायचं, हे त्यांना जमलं नाही. ते परत आले, खडी फोडली, आणि पुढं एसटीत चिकटले. मग सगळी नोकरी "विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेज" असं ओरडून घंटी मारण्यात गेली. वळून बघणारी पोरं त्यांना नेमकी का दिसायची, ते मला तेव्हा कळलं. बापूंना यावर काही विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते मला पाठ आहे.

एवढं असूनही हा माणूस असह्य आहे, हे मी पुन्हा नोंदवून ठेवतो. पुतण्याचा निकाल लागल्यापासून ते रोज येताहेत. सोमवारी एआय साईड, मंगळवारी नर्सिंग साईड, बुधवारी "पोरगं उंच हाय, भरती साईड घालवू नगा." शेवटी मी वैतागून त्यांच्यापुढं नवं शैक्षणिक धोरणच ठेवलं. म्हटलं, बापू, २०२० सालीच सरकारनं ठरवलंय, कला आणि विज्ञान अशा पक्क्या भिंती ठेवायच्या नाहीत. पोरानं फिजिक्ससोबत संगीत घ्यावं, हिशेबासोबत इतिहास घ्यावा. तुमच्या साईडी मोडीत निघाल्या.

बापूंनी बशीतला चहा संपवला. मला वाटलं, आता म्हातारा हरला. धोतराच्या सोग्यानं मिशी पुसली आणि म्हणाले,

"साईडी काढल्या, लई बरं केलं. सीटा किती वाढवल्या?"